आरपार जाणारा प्रकाश ॲक्रिलिक कोरतो कसा?

घराच्या नेमप्लेटसाठी मागच्या वर्षी पुण्यात एका लेसर कटिंगवाल्याकडे गेलो होतो. दुकानात दोन मशीनं होती. एक कपाट आडवं ठेवावं तेवढं, झाकणाचं, सीओटू लेसरचं. त्यात तीन एमएमची ॲक्रिलिकची शीट ठेवली की अक्षरं एकेक करून सुटी होत होती. दुसरं टेबलावर मावणारं, फायबर लेसरचं, स्टीलच्या बाटल्यांवर आणि पेनांवर नावं टाकायला. मी विचारलं, पारदर्शक ॲक्रिलिकवर या छोट्या मशीनने नाव येईल का? त्याने काही न बोलता खाली स्टीलची पट्टी ठेवली, तिच्यावर बोटभर अंतर सोडून ॲक्रिलिकचा तुकडा धरला आणि पायाने बटण दाबलं. नाव उमटलं ते खालच्या स्टीलवर. ॲक्रिलिकवर ओरखडासुद्धा नव्हता.

“काका, या लेसरला ॲक्रिलिक दिसतच नाही,” तो म्हणाला.

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. पण गोष्ट इथे संपत नाही. त्या छोट्या मशीनमधल्यासारखाच डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, तोही यटर्बियम याच मूलद्रव्यातून निघालेला आणि प्रत्येक ठोक्याला पाचशे पट कमी ऊर्जेचा, तेच ॲक्रिलिक स्वच्छ कोरू शकतो. अट एकच: ती ऊर्जा त्याने फार म्हणजे फारच थोड्या वेळात ओतायची. हे कसं घडतं ते इथे सांगतो. आकडे थोडे आहेत, पण ते सोडले तर यातली मजाच निघून जाईल.

आधी पारदर्शक म्हणजे काय ते बघू. ॲक्रिलिकच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉन जणू तळमजल्यावर राहतात. वर माळा आहे, मध्ये जिना नाही. माळ्यावर पोचायचं तर एका उडीत साधारण साडेचार-पाच इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणू-रेणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजायचं माप) ऊर्जा लागते. प्रकाश फोटॉन नावाच्या पुड्यांमधून येतो आणि फायबर लेसरच्या एका पुडीत जेमतेम १.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतात. एवढ्याने माळा गाठता येत नाही, आणि अर्ध्यावर थांबायला पायरीच नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉन तो फोटॉन घेतच नाही आणि प्रकाश आरपार निघून जातो. साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचे फोटॉनही पुरेसे मोठे नसतात, म्हणून ॲक्रिलिक आपल्याला काचेसारखं दिसतं.

मग मोठं सीओटू मशीन तेच ॲक्रिलिक कापतं कसं? त्याचा फोटॉन तर याहूनही लहान असतो. पण तो इलेक्ट्रॉनच्या वाटेला जातच नाही. १०.६ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या त्या प्रकाशाने रेणूंमधले बंध थरथरतात आणि थरथर म्हणजे उष्णता. ॲक्रिलिकची लांबलचक साखळी पुरेशी तापली की एका टोकापासून मण्यांसारखी सुटत जाते आणि मूळच्या छोट्या रेणूंची वाफ होते. दुकानात तो गोडसर, उग्र वास येतो तो याच वाफेचा. कडा काचेसारखी चकचकीत होते, कारण ती किंचित वितळून परत थिजलेली असते. नेमप्लेटला हे उत्तमच. पण केसाहून बारीक नाली कोरायची असेल, तर तेच वितळणं घात करतं.

चार फोटॉन एकाच वेळी

१९३१ साली गॉटिंगेन विद्यापीठातल्या मारिया गोपर्ट हिने पीएच.डी.च्या प्रबंधात एक हिशेब मांडला. एका फोटॉनला उडी जमत नसेल, पण दोन फोटॉन अगदी एकाच क्षणी इलेक्ट्रॉनवर आले, तर दोघांची ऊर्जा मिळून ती उडी होऊ शकते. अडचण एवढीच की नेहमीच्या प्रकाशात दोन फोटॉन असे एकत्र गाठ घालण्याची शक्यता नगण्य असते. त्यामुळे हा हिशेब तीस वर्षं कागदावरच राहिला. १९६० साली पहिला लेसर चालला आणि पुढच्याच वर्षी कायझर आणि गॅरेट या शास्त्रज्ञांनी दोन फोटॉन एकदम शोषले जाताना प्रत्यक्ष पाहिले. मारिया, म्हणजे लग्नानंतरच्या गोपर्ट-मायर, यांना १९६३ साली नोबेल मिळालं ते अणुकेंद्राच्या रचनेवरच्या वेगळ्या कामासाठी. तरी प्रकाशाशी काम करणारी माणसं आजही दोन फोटॉन शोषण्याचं माप त्यांच्या नावानेच मोजतात.

आपल्या ॲक्रिलिकला १.२ चे साधारण चार फोटॉन एकदम लागतील. आता इथे गणित फार सुंदर वळण घेतं. एक फोटॉन पुरत असेल, तर प्रकाश दुप्पट केल्यावर शोषणही दुप्पट होतं. चार लागत असतील, तर प्रकाश दुप्पट केल्यावर शोषण दोनाचा चौथा घात, म्हणजे सोळापट होतं. दहापट केला, तर दहा हजार पट.

दोन्ही लेसर शेजारी ठेवून बघू. दुकानातलं फायबर मशीन एका स्पंदात, म्हणजे एका पल्समध्ये, साधारण १ मिलिज्यूल ऊर्जा देतं. तो स्पंद १०० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) टिकतो आणि ५० मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर पडतो. म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० कोटी वॉट. ऐकायला प्रचंड, पण ॲक्रिलिकला त्याचा पत्ताही लागत नाही. आता फेमटोसेकंद लेसर घ्या. फेमटोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचाही दहा लाखावा भाग. एका स्पंदात २ मायक्रोज्यूल. तांदळाचा एक दाणा एक सेंटिमीटर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. पण ती २०० फेमटोसेकंदांत, १० मायक्रोमीटरच्या ठिपक्यावर उतरते. भागाकार करा: चौरस सेंटिमीटरला बारा-तेरा लाख कोटी वॉट. फायबर मशीनच्या २५ हजार पट. आणि शोषण या आकड्याच्या चौथ्या घाताने वाढणार. कागदावर ते ४ वर १७ शून्यं एवढं येतं. प्रत्यक्षात इतक्या तीव्रतेला दुसऱ्याही प्रक्रिया मध्ये येतात आणि हा साधा घात तसाच राहत नाही. पण “दिसतच नाही” पासून “इथे आरपार जाताच येणार नाही” पर्यंतचा प्रवास कसा होतो, ते यातून कळतं.

याचा एक फायदा माझ्या फार आवडीचा आहे. लेसरचा ठिपका मध्यभागी तेजस्वी असतो आणि कडेला विरत जातो. चार फोटॉन लागणारं काम त्या तेजस्वी गाभ्यातच होतं, कडेचा उजेड नुसता निघून जातो. हिशेबाने १० मायक्रोमीटरच्या ठिपक्याचा कामाचा भाग निम्मा, म्हणजे ५ मायक्रोमीटरच उरतो. टोक बोथट असलेल्या पेन्सिलीने बारीक रेघ ओढता यावी, तसं हे आहे.

चार फोटॉन पिऊन माळ्यावर गेलेले पहिले इलेक्ट्रॉन म्हणजे बियाणं. त्यांना आता जिन्याची गरज नसते. ते प्रकाशातून ऊर्जा घेत सुटतात, शेजारच्या इलेक्ट्रॉनांना धडकून त्यांनाही वर ढकलतात. एकाचे दोन, दोनाचे चार. स्पंद संपायच्या आत त्या चिमुकल्या जागेत मोकळ्या इलेक्ट्रॉनांची इतकी गर्दी होते की ॲक्रिलिक काही क्षणांपुरतं धातूसारखं वागायला लागतं. उरलेला प्रकाश मग तिथेच अडतो.

नॅनोसेकंदाचा लेसर खूप ताकदवान केला तर तोही पारदर्शक पदार्थ फोडू शकतो. पण त्याला बियाणं स्वतः तयार करता येत नाही. पदार्थात आधीच एखादा धुळीचा कण, एखादा दोष असेल तिथून त्याची सुरुवात होते. म्हणून एक स्पंद काहीच करत नाही आणि पुढचा तडा पाडतो. फेमटोसेकंदाच्या स्पंदात मात्र हा नशिबाचा भाग जवळजवळ उरत नाही. ठरावीक ऊर्जेच्या खाली एका स्पंदाने खड्डा नाही, वर गेलात की दर वेळी तसाच खड्डा.

एका सेकंदाचं घड्याळ

२०० फेमटोसेकंद म्हणजे किती थोडा वेळ? एवढ्या वेळात प्रकाश ६० मायक्रोमीटर जातो, एका केसाच्या जाडीएवढा. हे डोक्यात बसत नाही, म्हणून एक घड्याळ बनवू. या घड्याळात २०० फेमटोसेकंदांचा एक सेकंद धरू.

स्पंद आला आणि गेला: एक सेकंद. या सेकंदात फक्त इलेक्ट्रॉन खवळले, अणू जागच्या जागी आहेत. त्यांना अजून काही कळलेलंच नाही. पुढे मिनिटभरात, म्हणजे खऱ्या दहा पिकोसेकंदांपर्यंत (एक पिकोसेकंद म्हणजे हजार फेमटोसेकंद), इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा अणूंच्या हवाली करतात. बंध तुटायला लागतात, साखळीचे तुकडे होतात, त्यांतून लहान रेणूंचा वायू तयार होतो आणि त्या कोंडलेल्या जागेत दाब भयंकर वाढतो. साहित्य बाहेर फेकलं जाणं ही गोष्ट आपल्या घड्याळात तास-दीड तासाने दिसते आणि पुढे बराच काळ चालू राहते. म्हणजे प्लास्टिक उडतं तेव्हा त्याला उडवणारा प्रकाश केव्हाच निघून गेलेला असतो. नॅनोसेकंदाच्या लेसरमध्ये असं होत नाही. तिथे स्पंद चालू असतानाच वाफ उठते, उरलेला प्रकाश त्या वाफेत अडकतो, ती आणखी तापते आणि कडांना भाजते.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. ५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या ठिपक्यात जी थोडी उष्णता मागे राहते, ती आजूबाजूला पसरून जायला ॲक्रिलिकमध्ये सुमारे ६० मायक्रोसेकंद लागतात. आपल्या घड्याळात हे होतात साडेनऊ वर्षं!

एका सेकंदाचा फटका आणि साडेनऊ वर्षांचं निवणं. फेमटोसेकंद लेसरला सर्रास “थंड लेसर” म्हणतात. मला ते अर्धंच खरं वाटतं, आणि प्लास्टिकच्या बाबतीत तर त्या शब्दाने दिशाभूल होते. एका स्पंदापुरतं ते ठीक आहे, कारण बरीचशी ऊर्जा उडून गेलेल्या साहित्याबरोबरच जाते. पण काम एका स्पंदाने होत नाही, लाखोंनी होतं. सेकंदाला एक हजार स्पंद मारले तर दोन स्पंदांमध्ये घड्याळाची दीडशेहून जास्त वर्षं जातात आणि जागा पूर्ण निवते. एक लाख मारले तर पुढचा स्पंद दीड वर्षातच दारात उभा. दहा लाख मारले तर दोन महिन्यांत. आधीची उष्णता गेलेली नसते तोवर नवी येते. धातू ही उष्णता पटकन वाहून नेतो, प्लास्टिकला ते जमत नाही. ॲक्रिलिक १०५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडायला लागतं, पॉलिकार्बोनेट हे दुसरं प्लास्टिक १५०च्या जवळ. थंड म्हणवणाऱ्या लेसरने मग कडा वितळतात, खड्ड्याभोवती उंचवटे येतात.

यावर कारागिरीचा उपाय आहे. ठिपका एका जागी धरायचाच नाही. आरशांनी तो सेकंदाला एक मीटर वेगाने पळवला, तर एक लाखाच्या ठेक्यावर प्रत्येक स्पंद आधीच्यापासून १० मायक्रोमीटर पुढे, कोऱ्या जागेवर पडतो. संपूर्ण नक्षीवरून फिरून यायचं, तोवर पहिली जागा निवलेली असते, मग तिथे दुसरा थर काढायचा. आपण शेत नांगरतो तेव्हा नांगराच्या एकाच रेघेत पुन्हापुन्हा औत घालत नाही, तसंच.

प्लास्टिक विसरत नाही

उष्णतेखेरीज प्लास्टिक आणखी एक गोष्ट लक्षात ठेवतं. स्पंदाची ऊर्जा खड्डा पडायला पुरेशी नसली, तरी तो वाया जात नाही. काही साखळ्यांचे बाजूचे गट तुटतात, कण्यात दुहेरी बंध तयार होतात. हे नवे बंध मूळच्या रेणूंपेक्षा कमी ऊर्जेत प्रकाश घेतात. आपल्या माळ्याच्या भाषेत, मध्येच एक पायरी बसते. पुढच्या स्पंदाला काम सोपं होतं, तो आणखी पायऱ्या बसवतो. डोळ्यांना ॲक्रिलिक अजून स्वच्छ दिसत असतं, पण ते आतून बदललेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर खड्डा पडण्याआधी त्या जागी बारीकसा फुगवटा दिसतो: आत तुटलेल्या तुकड्यांचा वायू कोंडलाय, बाहेर पडायला वाट मिळालेली नाही. आणि मग एका स्पंदाला तो फुटतो.

म्हणूनच एका स्पंदाने खड्डा पाडायला जेवढी ऊर्जा लागते, त्याहून पुष्कळ कमी ऊर्जेत शंभर स्पंद तेच काम करतात. एका स्पंदासाठी ॲक्रिलिकला चौरस सेंटिमीटरमागे साधारण दोन-तीन ज्यूल लागतात. हा आकडा नुसता पाठ करून मशीन लावणारा हमखास जास्त खोल खणतो, कारण प्लास्टिक दहाव्या स्पंदाला पहिल्या स्पंदाचं प्लास्टिक राहिलेलं नसतं.

हे सगळं शोधणाऱ्यांत एक नाव आपल्याकडचं आहे. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत अतिनील लेसरने प्लास्टिक कोरत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मेजवानीतून उरलेल्या टर्कीचा तुकडा लेसरखाली ठेवला आणि कडा न भाजता स्वच्छ खाच पडली. डोळ्यांचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेची वाट तिथून उघडली. ती गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्यांचं १९८७चं काम तेवढं सांगितलं जात नाही. ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश ॲक्रिलिकमध्ये फारसा शोषला जात नाही. श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रकाश १६० फेमटोसेकंदांच्या स्पंदांत दिला आणि ॲक्रिलिक कोरून दाखवलं. जर्मनीत क्यूपर आणि स्टुके त्याच सुमाराला याच वाटेवर होते, त्यांनी पुढे टेफ्लॉनही असंच कोरलं.

इतके छोटे आणि तरी ताकदवान स्पंद कारखान्यात वापरता येण्याजोगे झाले ते डोना स्ट्रिकलंड आणि जेरार्ड मुरू यांच्यामुळे. १९८५ साली रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी युक्ती काढली: स्पंद आधी ताणून लांब आणि सौम्य करायचा, मग त्याची ताकद वाढवायची, शेवटी परत दाबून छोटा करायचा. नाहीतर ताकद वाढवणारा स्फटिकच जळतो. २०१८ साली त्यांना नोबेल मिळालं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशा स्पंदांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

आता व्यवहाराचं. एका स्पंदाने ५ मायक्रोमीटर रुंद, १ मायक्रोमीटर खोल खड्डा पडतो असं धरा. तीन एमएमच्या ॲक्रिलिकमध्ये सीओटू मशीन करतं तेवढाच रुंद, दहा सेंटिमीटर लांब काप घ्यायचा, तर सुमारे तीन अब्ज स्पंद लागतील. सेकंदाला एक लाख धरले तर आठ तासांच्या वर. सीओटूला त्याच कामाला दहा-बारा सेकंद पुरतात. म्हणून नेमप्लेटवाल्याने हा लेसर कधीच घेऊ नये. त्याची जागा वेगळी आहे. रक्ताच्या थेंबाची तपासणी करणाऱ्या प्लास्टिकच्या चिपमधल्या केसाहून बारीक नाल्या, शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या स्टेंटची जाळी: वितळलेली एक कडाही जिथे चालत नाही, तिथे हे आठ तास योग्य वाटतात.

शेवटी एक घरातली गोष्ट. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डोळ्यात घडी घालून बसवायची मऊ ॲक्रिलिकची लेन्स बसवली. डोळा ॲक्रिलिक सहन करतो, हे दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे कळलं. विमानाच्या फुटलेल्या छताचे तुकडे त्यांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळ्यांनी ते फारसे नाकारले नाहीत. ते पाहून हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये ॲक्रिलिकची पहिली लेन्स बसवली. आईला दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं. लेन्सच्या लगेच मागच्या पातळ पडद्यावर (हा रेटिना नव्हे) जाळी आली होती. डॉक्टरांनी ती लेसरने फोडली. तो लेसर १०६४ नॅनोमीटरचा, दुकानातल्या छोट्या मशीनच्याच प्रकाशाचा, स्पंद काही नॅनोसेकंदांचा. ॲक्रिलिकच्या लेन्समधून तो काही न करता गेला, मागे जिथे एकवटला तिथेच त्याने ठिणगी पाडली आणि पडदा उघडला. आईला फक्त टिकटिक ऐकू आली.

नंतर डॉक्टरांनी मला स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून, बघू दिलं. पडद्यात गोल खिडकी उघडली होती आणि लेन्सच्या मागच्या अंगाला, अगदी कडेला, एक पांढरट टिंब होतं. लेन्स आणि पडदा एकमेकांना चिकटून असतात, म्हणून डॉक्टर नेम मुद्दाम जरा मागे धरतात. तरी एखादा स्पंद पुढे पडतो. “असा एखादा खळगा राहतो कधीकधी, आजींना त्याने काही फरक पडणार नाही,” ते म्हणाले. टिंबाच्या भोवती बारीक तड्यांची चांदणी होती. मी पुन्हा डोळा लावला आणि ती चांदणी नीट पाहून घेतली.